सत्ता कोणाची, अधिकार कशाचा?

दिल्लीतील मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटकडे जो रुंद रस्ता जातो त्याला आज कोपर्निकस मार्ग म्हणतात. ब्रिटिश अमदानीत त्याचे नाव लिटन रोड होते. रस्ता फार लांब नाही, सावकाश चालले तरी थोड्या वेळात संपतो. परंतु आधुनिक राज्यसंस्थेची जवळजवळ सगळी रूपे त्याच्या आजूबाजूला उभी आहेत. एका टोकाला दूरदर्शनचे मुख्यालय, त्याच चौकात साहित्य, संगीत-नाट्य व ललित कला या तीन राष्ट्रीय अकादम्यांचे रवींद्र भवन. पुढे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचे प्रमुख पीठ. फरीदकोटच्या राजाच्या वाड्यात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण. महाराष्ट्र सरकारचे जुने महाराष्ट्र सदन. आणि दुसऱ्या टोकाला, इंडिया गेटजवळ, पतियाळाच्या महाराजांसाठी बांधलेल्या वास्तूत भरणारी न्यायालये.

या भागात महाराष्ट्राच्या गावोगावचे तरुण नेहमी दिसतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करण्यासाठी ते दिल्लीत आलेले असतात. त्या आयोगाचे कार्यालयही जवळच, शहाजहान रोडवरील धोलपूर हाउसमध्ये, म्हणजे आणखी एका संस्थानिकाच्या घरात आहे. समाजशास्त्र हा ऐच्छिक विषय घेणाऱ्यांना 'सत्तेच्या समाजशास्त्रीय उपपत्ती' हा भाग अभ्यासावा लागतो. वेबरचे तीन प्रकार, पार्सन्सची व्याख्या, मिल्सचे सत्ताधारी अभिजन, फूकोची शिस्त, आणि शेवटी शिष्टाचार म्हणून मार्क्सचा एक परिच्छेद, असे खण भरले की उत्तर पूर्ण होते. उद्या याच तरुणांच्या स्वाक्षरीने जमिनी संपादित होतील, मोर्च्यांवर बंदी येईल, दावे फेटाळले जातील. सत्ता म्हणजे काय याविषयी त्यांना काय शिकवले जाते हा प्रश्न म्हणूनच पंडितांच्या परिसंवादापुरता नाही. ज्याच्या झोपडीवर नोटीस चिकटवली जाते त्याच्याशी तो अधिक निगडित आहे.

सत्तेच्या कोणत्याही उपपत्तीला तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. सत्ता कशावर उभी असते? लोक आज्ञा का पाळतात? आणि त्या आज्ञापालनाचे फळ कोणाच्या पदरात पडते? भांडवली समाजशास्त्राने दुसऱ्या प्रश्नावर ग्रंथांचे डोंगर रचले. पहिला त्याने ओझरता हाताळला, तिसरा बहुधा टाळला. या तिन्ही प्रश्नांची सांगड घातल्याशिवाय अधिकाराचे रहस्य उलगडत नाही, हे भारताच्या आणि विशेषतः महाराष्ट्राच्या अनुभवावरून दाखवता येते.

वेबरचे तीन प्रकार आणि एक दरबार

माक्स वेबर हा भांडवली समाजशास्त्रातील सर्वांत समर्थ विचारवंत होय, आणि त्याला हलके लेखून चालणार नाही. इतरांचा विरोध असतानाही आपली इच्छा तडीस नेण्याची शक्यता म्हणजे सत्ता, आणि पाळणाऱ्यांना जी न्याय्य वाटते, म्हणजे जिला अधिमान्यता असते, ती सत्ता म्हणजे अधिकार, असा भेद त्याने केला. १९२० साली त्याचे निधन झाले. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या 'अर्थव्यवस्था आणि समाज' या ग्रंथात त्याने अधिमान्यतेचे तीन आधार सांगितले: परंपरेचे पावित्र्य, नेत्याच्या व्यक्तित्वाचे असामान्य वलय आणि विवेकाने घालून दिलेले कायदे व नियम. हे प्रकार प्रत्यक्षात एकमेकांत मिसळलेले आढळतात हे त्याला मान्य होते. परंतु पाठ्यपुस्तकांनी त्यांचे ऐतिहासिक टप्पे करून टाकले: काल राजा होता, आज कायदा आहे; काल श्रद्धा होती, आज विवेक आहे.

कोपर्निकस मार्गावर उभे राहून पाहणाऱ्याला हा सिद्धांत प्रथमदर्शनी पटतो. फरीदकोटच्या राजाच्या वाड्यात आज कायद्याने स्थापलेले न्यायाधिकरण आहे, पतियाळाच्या वास्तूत न्यायाधीश बसतात. परंपरा जाऊन कायदा आला याचा याहून ठळक पुरावा कोणता? परंतु या रस्त्याचे जुने नाव आठवले की चित्र पालटते. लॉर्ड लिटन हा १८७६ ते १८८० या काळात हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता. १ जानेवारी १८७७ रोजी त्याने दिल्लीत दरबार भरवून राणी व्हिक्टोरिया ही हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची घोषणा केली. संस्थानिकांना मानाची आसने दिली गेली, मोगली थाटाची नक्कल करण्यात आली. त्याच वेळी दख्खन आणि मद्रास इलाख्यात दुष्काळाने लक्षावधी माणसे मरत होती. पुढच्याच वर्षी, १८७८ साली, देशी भाषांतील वृत्तपत्रांचे तोंड बंद करणारा कायदा याच लिटनने केला.

वेबरच्या कोष्टकात या राजवटीला कोठे बसवायचे? तिच्याकडे परीक्षा देऊन निवडलेले सनदी नोकर होते, फाइली होत्या, दंडसंहिता होती. म्हणजे ती 'कायदेशीर-विवेकी' ठरते. पण तिला राजेमहाराजांचा परंपरागत अधिकार जपावा लागला, आणि जेथे तो अपुरा होता तेथे नवा तयार करावा लागला. अधिकाराचे दोन्ही प्रकार तिने एकाच हेतूने वापरले: सारावसुली, कच्चा माल आणि बाजारपेठ. वेश कोणता घालायचा हे कामावरून ठरत होते.

ही परंपरागत सत्ता पुढे गेली तीही विवेकाचा सूर्य आपोआप उगवल्यामुळे नव्हे. संस्थानी प्रजेला त्यासाठी तुरुंग भोगावे लागले. फरीदकोट संस्थानात प्रजामंडळाचे काम केल्याबद्दल झैलसिंग यांना पाच वर्षे कैदेत काढावी लागली. १९८२ साली तेच भारताचे राष्ट्रपती झाले. संस्थाने विलीन झाल्यावरही राजांचे तनखे चालूच होते. ते रद्द करायला १९७१ साली सव्विसावी घटनादुरुस्ती करावी लागली. ज्या अधिकाराची अधिमान्यता केव्हाच संपली होती त्याचे उत्पन्न इतकी वर्षे चालू राहिले, याचे स्पष्टीकरण वेबरच्या तीन प्रकारांत सापडत नाही. मालमत्तेच्या संबंधांत ते सापडते.

वेबरच्या विवेचनातील खरी फट त्याच्याच काळाने उघडी केली. २८ जानेवारी १९१९ रोजी म्युनिकमध्ये दिलेल्या व्याख्यानात त्याने राज्यसंस्थेची प्रसिद्ध व्याख्या केली: विशिष्ट प्रदेशात न्याय्य बलप्रयोगाची मक्तेदारी यशस्वीपणे सांगणारी संस्था म्हणजे राज्य. तेरा दिवसांपूर्वीच, १५ जानेवारीला, बर्लिनमध्ये रोझा लुक्झेंबुर्ग आणि कार्ल लीबक्नेख्त यांचा प्रतिक्रांतिकारक सैनिकी टोळ्यांच्या अधिकाऱ्यांनी खून केला होता. तो बलप्रयोग न्याय्य होता की अन्याय्य, आणि ते कोणी ठरवायचे? 'न्याय्य' हे विशेषण ज्याच्या हाती असते त्याच्याच हाती मक्तेदारी असते. वेबरने विशेषण दिले. ते कोणत्या टांकसाळीत पाडले जाते हे त्याने सांगितले नाही.

फुल्यांचा प्रश्न आणि महाडचे तळे

हा प्रश्न महाराष्ट्रात वेबरच्या कितीतरी आधी विचारला गेला होता. जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहून पूर्ण झाला. इंग्रजी राज्याचे कायदे, कचेऱ्या, पाटबंधारे आणि शाळा या सर्वांची फुल्यांनी तपासणी केली ती अर्ज घेऊन कचेरीच्या दारात उभ्या असलेल्या कुणब्याच्या बाजूने. त्यांना दिसले ते असे की, वरचा गोरा अधिकारी नियमांचे पुस्तक पाहतो, पण ते पुस्तक वाचून दाखवणारा, अर्ज लिहून देणारा, जबानी उतरवून घेणारा कारकून भटशाहीच्या मुशीतून आलेला असतो. नियम निःपक्षपाती दिसतात. नियमांच्या आणि रयतेच्या मध्ये मात्र जात उभी असते. व्यक्तिनिरपेक्ष नोकरशाही हे ज्याला पुढे वेबरने आधुनिकतेचे लक्षण मानले, ते येथील शेतकऱ्याच्या वाट्याला कधीही व्यक्तिनिरपेक्ष म्हणून आले नाही. सत्तेच्या उपपत्तींवरील उत्तरपत्रिकेत फुल्यांना मानाचे स्थान असायला हवे होते, आणि ते नाही, ही गोष्टही सत्तेविषयी काही सांगून जाते.

महाडच्या चवदार तळ्याने हा धडा आणखी स्पष्ट केला. सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा ठराव सी. के. बोले यांच्या पुढाकाराने मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे खुले झाल्याचे ठरवले. वेबरच्या अर्थाने येथे सर्व काही पूर्ण होते: सक्षम संस्था, रीतसर ठराव, लेखी नियम. तरीही तळ्याचे पाणी कोणाला पिता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तळ्यावर गेली तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला. पुढे नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. स्पृश्यांनी तळे खाजगी स्वरूपाचे असल्याचा दावा न्यायालयात दाखल केला, आणि डिसेंबरातल्या सत्याग्रहाच्या तोंडावर त्यांना तात्पुरता मनाई हुकूमही मिळाला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १९३७ साली.

कायद्याचा अधिकार होता, पण सत्ता नव्हती. आणि ज्यांच्याकडे सत्ता होती त्यांनी दंगल फसताच मालमत्तेचा दावा पुढे केला. त्यासाठी कायद्याचाच दरवाजा त्यांना उघडा होता. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. धर्म, जात आणि खाजगी मालकी या तीन वेगवेगळ्या 'सत्ता' नव्हत्या. एकाच हाताची ती बोटे होती.

येथे भारतातील मार्क्सवाद्यांनीही स्वतःची झाडाझडती घेतली पाहिजे. १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या भाषणग्रंथात आंबेडकरांनी समाजवाद्यांना विचारले होते की केवळ आर्थिक सत्ता हीच खरी सत्ता, असे भारतात कसे म्हणता येईल. धर्म आणि सामाजिक दर्जा हेही सत्तेचे स्रोत नाहीत काय? या प्रश्नाचे उत्तर 'जात हा वरचा मजला आहे' एवढ्या वाक्याने देता येत नाही. ज्या समाजात कोणी जमीन कसायची आणि कोणी मेलेले जनावर ओढायचे हे जन्माने ठरते, तेथे जात ही श्रमविभागणीच्या पायातच बसलेली असते. महाडच्या परिषदेचे एक प्रमुख संघटक रामचंद्र बाबाजी मोरे पुढे कम्युनिस्ट चळवळीत आले. चवदार तळ्याचा लढा आणि गिरणीचा लढा यांच्यात भिंत नाही, हे त्यांना कोणत्याही ग्रंथातून शिकावे लागले नव्हते. चळवळीला एकूण मात्र ते शिकायला फार वेळ लागला, आणि त्याची किंमतही मोजावी लागली.

मान्यता कायद्याची, संमती कोणाची?

अधिकार हा पाळणाऱ्यांच्या मान्यतेवर उभा असतो, हे वेबरचे गृहीत मुंबईच्या गिरणगावाने १९८२ साली कसाला लावले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार कापड धंद्यात एकच 'प्रातिनिधिक' संघटना मालकांशी बोलणी करू शकत होती, आणि ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. त्यांच्या मागण्यांत बोनस आणि वेतनवाढीबरोबर हा कायदा बदलण्याची मागणीही होती. कामगारांनी मान्यताप्राप्त संघटनेकडे पाठ फिरवली आहे हे गिरण्यांच्या बंद दरवाजांवरून कोणालाही दिसत होते. सरकारला मात्र दिसत होता तो फक्त कायदा. अधिमान्यता शून्य, अधिकार अबाधित! कामगारांची घरे उद्ध्वस्त झाली, आणि पुढच्या दोन दशकांत, विशेषतः विकास नियंत्रण नियमावलीने १९९१ साली वाट मोकळी करून दिल्यानंतर, गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि मनोरे उभे राहिले. कायद्याने कोणाचे प्रतिनिधित्व केले हे त्या मनोऱ्यांच्या सावलीत उभे राहून ज्याने त्याने ठरवावे.

ज्यांना गिरणगाव जुने वाटत असेल त्यांनी कोपर्निकस मार्गाच्या इंडिया गेटकडील टोकाला फेब्रुवारी २०१६ मध्ये काय घडले ते आठवावे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा विद्यार्थी नेता कन्हैया कुमार याला राजद्रोहाच्या आरोपाखाली पतियाळा हाउस न्यायालयात आणले असताना, १५ तारखेला विद्यार्थी, प्राध्यापक व पत्रकार यांना आणि १७ तारखेला खुद्द आरोपीला, वकिलांचा काळा कोट घातलेल्या जमावाने मारहाण केली. पोलीस तेथे हजर होते. काळा कोट हा 'कायदेशीर-विवेकी' अधिकाराचा गणवेश, आणि न्यायालयाचे आवार हे त्याचे देवघर! बलप्रयोगाची मक्तेदारी राज्याकडे असते हे खरे, पण ही मक्तेदारी कोणाला पोटभाड्याने दिली जाते हे तेथे सर्व देशाने पाहिले.

ज्या प्रश्नांना दार नाही

दुसऱ्या महायुद्धानंतर या शास्त्राचे केंद्र अमेरिकेत सरकले. टॉल्कट पार्सन्सने १९६३ साली सत्तेची तुलना पैशाशी केली: समाजाने ठरवलेली उद्दिष्टे साधण्यासाठी चलनासारखे फिरणारे ते एक माध्यम होय. उद्दिष्टे कोणी ठरवली हा प्रश्न त्याला पडला नाही. रॉबर्ट डालने १९६१ साली न्यू हेवन शहराचा अभ्यास करून सांगितले की सत्ता अनेक गटांत वाटलेली असते. प्रत्यक्ष वादाच्या निर्णयांत कोणाची सरशी झाली ते मोजा म्हणजे झाले. त्याआधी १९५६ साली सी. राइट मिल्सने मोठ्या कंपन्या, लष्कर आणि सरकार यांच्या माथ्यावर बसलेला एकच अभिजनवर्ग दाखवून दिला होता. मिल्स मार्क्सवादी नव्हता. त्याच्याकडे डोळे होते.

डालच्या मोजपट्टीतील दोष पीटर बॅक्रॅक आणि मॉर्टन बॅरेट्झ यांनी १९६२ साली दाखवला. सत्तेचा एक चेहरा निर्णयात दिसतो, तर दुसरा चेहरा निर्णयासाठी पुढे येऊच न दिलेल्या प्रश्नांत असतो. स्टीव्हन ल्यूक्सने १९७४ साली त्यात तिसरा घातला: लोकांच्या इच्छाच अशा घडवणे की तक्रार मनात उगवू नये. हे तिन्ही चेहरे पाहायला न्यू हेवनला जावे लागत नाही.

फरीदकोट हाउसमधील हरित न्यायाधिकरण २०१० च्या कायद्याने स्थापन झाले. उद्योगांना आणि नगरपालिकांना दंड करण्याचे अधिकार त्याला आहेत, आणि त्याने काही चांगले निर्णयही दिले आहेत. परंतु त्याच्या अधिकारक्षेत्रात कोणते कायदे येतात त्यांची एक अनुसूची आहे. जल, वायू, पर्यावरण, जैवविविधता, वनसंवर्धन हे कायदे तिच्यात आहेत. २००६ चा वनाधिकार कायदा तिच्यात नाही. म्हणजे जंगलाची बाजू मांडण्यासाठी दार आहे, पण त्या जंगलात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या आदिवासीचा हक्क हा त्या दारातून आत जाणारा विषय नाही. अनुसूचीतून गाळलेली ही एक ओळ डालच्या मोजपट्टीवर दिसणार नाही, कारण तेथे वादच झाला नाही.

शेजारच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाचीही हीच गोष्ट. आणीबाणीतील बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्याचा पाया घातला आणि १९८५ साली ते सुरू झाले. केंद्र सरकारचा कायम अधिकारी तेथे आपल्या सेवाज्येष्ठतेसाठी दाद मागू शकतो. पण सरकारी कचेरी झाडणारी बाई कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असली तर कायद्याच्या लेखी ती सरकारी पदावर नसते. हे दार तिच्यासाठी नाही. आणि न्यायाधिकरणांत बसायचे कोणी? २०१७ साली सरकारने नेमणुकांचे नियम वित्त कायद्याच्या आडून बदलले. सर्वोच्च न्यायालयाने ते नियम २०१९ साली रद्द केले. जुलै २०२१ मध्ये रद्द ठरलेल्या वटहुकुमातील तरतुदी ऑगस्टमध्ये नव्या कायद्यात पुन्हा अवतरल्या. जो न्यायाधीश सरकारविरुद्ध निकाल देणार त्याची मुदत सरकारने ठरवायची, या आग्रहाला 'विवेकी नोकरशाही' म्हणायचे काय?

संमतीचा कारखाना

ल्यूक्सने ज्याला तिसरा चेहरा म्हटले त्याचा सखोल विचार अंतोनियो ग्राम्सीने आधीच, मुसोलिनीच्या तुरुंगात केला होता. नोव्हेंबर १९२६ मध्ये त्याला अटक झाली आणि १९२९ ते १९३५ या काळात त्याने आपल्या वह्या लिहिल्या. शासकवर्ग केवळ लाठीने राज्य करत नाही. शाळा, धर्मपीठे, वृत्तपत्रे यांच्याद्वारे तो आपली जीवनदृष्टी सर्वांची सामान्य समजूत बनवतो, आणि या नेतृत्वाला ग्राम्सीने धुरीणत्व म्हटले. वेबरच्या अधिमान्यतेशी याचे साम्य दिसले तरी फरक मूलभूत आहे. वेबरकडे श्रद्धा दिलेली असते. ग्राम्सीकडे ती घडवली जाते, घडवणाऱ्या संस्था आणि माणसे असतात, आणि म्हणून ती मोडताही येते.

मंडी हाउसच्या चौकात हा कारखाना डोळ्यांनी पाहता येतो. दूरदर्शन १ एप्रिल १९७६ रोजी, आणीबाणीच्या भर काळात, आकाशवाणीपासून वेगळे झाले. १९९० च्या प्रसारभारती कायद्याने त्याला स्वायत्तता दिल्याचे सांगितले गेले, आणि १९९७ साली तो कायदा अमलात आला. ३ ऑक्टोबर २०१४ रोजी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या सरसंघचालकांचे नागपूरमधील विजयादशमीचे भाषण दूरदर्शनने थेट प्रक्षेपित केले. १५ ऑगस्ट २०१७ रोजी त्रिपुराचे निर्वाचित मुख्यमंत्री माणिक सरकार यांचे स्वातंत्र्यदिनाचे भाषण मात्र, त्यांनी ते बदलण्यास नकार दिल्यामुळे, प्रसारित झाले नाही. एक जण कोणत्याही निवडणुकीला उभा न राहिलेला, दुसरा राज्यघटनेनुसार निवडून आलेला. 'कायदेशीर-विवेकी' अधिकार कोणाकडे होता आणि ध्वनिक्षेपक कोणाला मिळाला?

परंतु धुरीणत्व कधीही पूर्ण होत नाही. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली; कोल्हापुरात १६ फेब्रुवारी २०१५ रोजी गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० तारखेला त्यांचा अंत झाला; ३० ऑगस्टला धारवाडात एम. एम. कलबुर्गी यांची हत्या झाली. त्यानंतर देशभरातील लेखकांनी साहित्य अकादमीचे पुरस्कार परत केले. २३ ऑक्टोबर २०१५ रोजी लेखक तोंडावर काळ्या पट्ट्या बांधून सफदर हाश्मी मार्गावरून रवींद्र भवनाकडे चालत गेले, आणि त्याच दिवशी अकादमीच्या कार्यकारी मंडळाला हत्येचा निषेध करणारा ठराव करावा लागला. संस्था राज्याने उभारलेली होती. तिच्या मौनाची किंमत लेखकांनी वाढवली.

पानसरेंना गोळी का घालावी लागली, याचे उत्तर सत्तेच्या शास्त्रातच आहे. 'शिवाजी कोण होता?' या त्यांच्या छोट्या पुस्तकाने महाराष्ट्राच्या सर्वांत मोठ्या करिष्म्याचा अर्थ लावला. वेबर ज्याला वलय म्हणतो त्याच्या मुळाशी काय होते? वतनदारांच्या जुलमापासून रयतेला संरक्षण, पिकाच्या देठालाही हात न लावण्याची सैन्याला सक्त ताकीद, स्त्रियांच्या अब्रूची राखण. म्हणजे वलयालाही भौतिक पाया असतो, आणि तो लोकांना समजावून सांगितला की वलय विकणाऱ्यांचा धंदा बसतो. गठ्ठ्यांनी खपणाऱ्या त्या पुस्तिकेचे भय बंदुकीएवढे वाटले, हीच त्या विश्लेषणाच्या अचूकतेची पावती होय.

सर्वत्र असलेली आणि कोणाचीच नसलेली सत्ता

अलीकडे विद्यापीठांत मिशेल फूकोचे नाव अधिक घेतले जाते. १९७५ सालच्या तुरुंगावरील ग्रंथात त्याने दाखवले की आधुनिक सत्ता शरीरांना वळण लावते; शाळा, बराक, इस्पितळ, कारखाना यांतील वेळापत्रक आणि पाळत हीच तिची साधने. हे निरीक्षण मोलाचे आहे, आणि गिरणीतल्या भोंग्याखाली आयुष्य काढलेल्या कामगाराला ते नवेही नाही. परंतु त्याचे अनुयायी पुढे असा निष्कर्ष काढतात की सत्ता सर्वत्र आहे, तिला केंद्र नाही, म्हणून ती हस्तगत करण्याचा प्रश्नच भ्रामक आहे. पाळत सर्वत्र असेल. पण पाळतीचा हिशेब कोठे तरी जमा होतो. कंत्राटी कामगाराच्या अंगठ्याचा ठसा यंत्रात पडतो तेव्हा शिस्त दोघांनाही लागत नाही: एकाचा पगार कापला जातो, दुसऱ्याचा नफा वाढतो.

याउलट रोबेर्त मिखेल्सचा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो कामगार चळवळीवरच आहे. १९११ साली जर्मन समाजवादी पक्षाचा अभ्यास करून त्याने म्हटले की प्रत्येक संघटना अखेर मूठभरांच्या हाती जाते. या आक्षेपाला शिवीगाळ हे उत्तर नाही. १९९१ साली सोव्हिएत राज्य कोसळले तेव्हा ज्या कामगारवर्गाच्या नावाने ते चालत होते तो ते वाचवायला मोठ्या संख्येने पुढे आला नाही. कामगारांच्या नावाची सत्ता कामगारांच्या नियंत्रणाबाहेर गेली की तिचाही केवळ अधिकार उरतो. पण हा लोखंडी नियम नव्हे, इशारा आहे. एंगेल्सने १८७२ साली अधिकारावर लिहिलेल्या लेखात स्पष्ट केले होते की आगगाडी चालवायची तर कोणाचा तरी हुकूम मानावाच लागेल. सर्व अधिकार अन्याय्य म्हणणे हा पोरकटपणा आहे. प्रश्न आहे तो हुकूम देणाऱ्याला परत बोलावण्याचा हक्क कोणाकडे आहे हा. १८७१ च्या पॅरिस कम्यूनने उत्तर दिले होते: निवडलेला प्रतिनिधी कधीही परत बोलावता येईल आणि त्याला कामगाराएवढेच वेतन मिळेल. हे माप दिल्लीच्या सरकारला लावायचे असेल तर ते आधी स्वतःच्या संघटनेला लावले पाहिजे.

तळवाड्यापासून मुंबईपर्यंत

२३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची परिषद झाली. तोवर ठाणे जिल्ह्यातील जमीनदारांचा अधिकार सनातन वाटत होता. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या पैशांपोटी नवराबायको जन्मभर राबत, वेठ हा धर्म समजला जाई. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली आणि काही महिन्यांत ती 'परंपरा' विरून गेली. तिच्यामागे काय होते ते १० ऑक्टोबरला तळवाडा येथे समजले: पोलिसांच्या गोळ्यांनी जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी मारले गेले. संमती संपली की बंदूक बाहेर येते, आणि बंदूक बाहेर आली की ती कोणाची ते कळते.

त्या वारल्यांची नातवंडे-पतवंडे आजही वनाधिकाराच्या दाव्यांसाठी हेलपाटे घालतात. ज्या हक्काला फरीदकोट हाउसच्या अनुसूचीत जागा नाही, त्यासाठी ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून हजारो शेतकरी आणि आदिवासी पायी निघाले आणि १२ मार्चला, फाटलेल्या टाचांनी, मुंबईत पोचले. दहावीची परीक्षा देणाऱ्या मुलांना त्रास नको म्हणून अखेरची मजल त्यांनी रात्री चालून काढली. सरकारला लेखी आश्वासने द्यावी लागली. ती पुरती पाळली गेली नाहीत म्हणून त्यांना पुन्हा निघावे लागले, हेही खरे. परंतु त्या रात्री मुंबईच्या रस्त्यांवर कोणत्याही कायद्याने न दिलेला, कोणत्याही परंपरेने न आलेला एक अधिकार लोकांनी पाहिला, आणि शहराने दारात पाणी व खाणे घेऊन उभे राहून तो मान्य केला.

सूर्य पृथ्वीभोवती फिरतो हे डोळ्यांना दिसते. १५४३ साली कोपर्निकसच्या ग्रंथाने सांगितले की दिसणे उलटे आहे. जनता सत्तेभोवती फिरते असेच भांडवली समाजशास्त्राला दिसत आले आहे. या मार्गावरील प्रत्येक वास्तू कोणाच्या तरी श्रमाने उभी आहे आणि कोणाच्या तरी आज्ञापालनाने चालू आहे. धोलपूर हाउसच्या परीक्षेत वेबरचे तीन प्रकार लिहून उत्तीर्ण होणाऱ्या तरुणांनी ते अवश्य लिहावेत. मात्र पुढे एखाद्या तालुक्याच्या कचेरीत बसल्यावर, समोर वनहक्काचा दावा घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे पाहताना, त्यांनी चौथा प्रकारही आठवावा: ज्यांनी सर्व अधिकारांना आपल्या खांद्यांवर धरले आहे, आणि जे खांदा काढून घेऊ शकतात, त्यांचा.